खाजगी डिसॅबिलिटी विमा चालू असताना सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करावा का?

अबोली_न्यूजर्सी · १९ जानेवारी २०२५

नमस्कार. माझे यजमान ४६ वर्षांचे असून त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मज्जासंस्थेचा आजार आहे. १२ वर्षे इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना काम थांबवावे लागले. पहिले २६ आठवडे न्यू जर्सी राज्याच्या तात्पुरत्या डिसॅबिलिटी योजनेचे पैसे मिळाले आणि ऑगस्टपासून कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून दीर्घकालीन डिसॅबिलिटी, म्हणजे एलटीडी, सुरू झाली. पगार महिना १०,००० डॉलर होता आणि पॉलिसीनुसार त्याच्या ६० टक्के, म्हणजे ६,००० डॉलर येतात. आम्हाला ग्रीन कार्ड आहे आणि ११ वर्षांची मुलगी आहे.

आता विमा कंपनीचे पत्र आले आहे की आम्ही सोशल सिक्युरिटीकडेही, म्हणजे अमेरिकी सरकारच्या सामाजिक विम्याकडेही, डिसॅबिलिटीचा अर्ज करावा, आणि तिकडून जे पैसे मिळतील ते कंपनीला परत करण्याचे हमीपत्र सोबत सही करून पाठवावे. सही न केल्यास सोशल सिक्युरिटीकडून किती मिळेल याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम आतापासूनच कापली जाईल. एकाच आजाराचे पैसे दोन ठिकाणांहून घेणे ही फसवणूक तर ठरणार नाही ना, असे सासूबाईंनी फोनवर विचारले आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले. शिवाय मिळणारे सगळे कंपनीकडेच जाणार असेल, तर इतका खटाटोप आम्ही कोणासाठी करायचा?

जुना_वाडा · १९ जानेवारी २०२५

अबोलीताई, फसवणुकीची भीती आधी मनातून काढून टाका. तुमच्या यजमानांच्या प्रत्येक पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के कापले गेले आहेत आणि तेवढेच कंपनीने भरले आहेत. एसएसडीआय, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा डिसॅबिलिटी लाभ, हा त्या हप्त्यांवर उभा असलेला विमाच आहे. त्यासाठी घरची मिळकत, बँकेतली शिल्लक किंवा बायकोचा पगार पाहत नाहीत, आणि खाजगी एलटीडी मिळते म्हणून एसएसडीआय एक डॉलरनेही कमी होत नाही. एसएसडीआय कमी होते ते दोन प्रकारच्या पैशांमुळे: कामावरच्या दुखापतीची भरपाई, आणि काही सरकारी डिसॅबिलिटी लाभ. हे लाभ आणि एसएसडीआय मिळून पूर्वीच्या सरासरी कमाईच्या ८० टक्क्यांच्या वर जात असतील तर वरचा भाग कापतात. आपल्याकडे अनेकजण एसएसआयची गल्लत करतात. ती गरजूंसाठीची वेगळी योजना आहे, तिथे एलटीडी धरून मिळकत मोजली जाते आणि ६,००० डॉलर घेणाऱ्याचा त्या दाराशी काही संबंध येत नाही.

वजावट होते ती उलट्या दिशेने, एलटीडीमधून. ग्रुप पॉलिसीत ‘इतर उत्पन्न’ असे एक कलम असते आणि त्यात सोशल सिक्युरिटीचे नाव जवळजवळ नेहमी असते. स्वतः बाहेरून घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीत ते बहुधा नसते. म्हणून आधी मनुष्यबळ विभागाला लेखी पत्र देऊन पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा; माहितीपुस्तिकेतल्या सारांशावर विसंबू नका. एरिसा या नोकरदारांच्या लाभ योजनांच्या केंद्रीय कायद्याखाली ३० दिवसांत ती देणे योजनेच्या प्रशासकावर बंधनकारक आहे.

मी स्वतः ओहायोमध्ये २०१६ पासून पाठीच्या मणक्यामुळे याच रांगेत आहे. त्या वेळी कोणी हे मराठीत समजावून सांगितले असते तर काही रात्री शांत झोप लागली असती.

हिशेबनीस · २० जानेवारी २०२५

खटाटोप कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतो. समजण्यासाठी गोल आकडे धरू: यजमानांचे एसएसडीआय महिना ३,००० डॉलर. मुलगी १८ वर्षांखालची असल्याने तिला स्वतंत्रपणे त्याच्या ५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,५०० मिळू शकतात. कुटुंबाची एकूण कमाल मर्यादा साधारण दीडपट असते, त्यामुळे दोन मुले असती तरी ते १,५०० दोघांत वाटले गेले असते. तुमच्या पॉलिसीत कुटुंबाला मिळणारा लाभही वजा करण्याचे कलम असेल, तर एलटीडी ६,००० वरून १,५०० वर येईल. एकूण बेरीज ६,०००च राहील.

मात्र करानंतरची बेरीज तीच राहत नाही. तुमच्या एलटीडीचा हप्ता कंपनीने भरला असेल तर ते ६,००० पूर्णपणे करपात्र आहेत. एसएसडीआयचा जास्तीत जास्त ८५ टक्के भाग केंद्राला करपात्र ठरतो, न्यू जर्सी राज्य त्यावर कर लावत नाही, आणि मुलीचे १,५०० हे तिचे उत्पन्न धरले जाते, तुमचे नव्हे. थोडक्यात, त्याच ६,०००मधून घरात जास्त उरते. याउलट ज्यांनी एलटीडीचा हप्ता स्वतःच्या कर भरलेल्या पगारातून दिला आहे त्यांची एलटीडी करमुक्त असते, आणि तिच्या जागी करपात्र एसएसडीआय आल्यावर त्यांच्या हाती कमी पडते. कंपनी वजावट करताना करपूर्व रक्कम धरते, त्यावर तुम्ही किती कर भरला याच्याशी तिला कर्तव्य नसते.

पैशांखेरीज दोन गोष्टी आहेत आणि माझ्या मते त्याच मोठ्या आहेत. पहिली मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा: एसएसडीआयचा हक्क सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी, वय काहीही असले तरी. दुसरी म्हणजे निवृत्तिवेतनाचे रक्षण. डिसॅबिलिटीची वर्षे शून्य कमाईची म्हणून सरासरीत धरली जात नाहीत, त्यामुळे पुढे निवृत्तीची रक्कम घसरत नाही. विमा कंपनी यातले काहीही परत मागू शकत नाही.

जुना_वाडा · २० जानेवारी २०२५

उशीर मात्र करू नका. काम थांबल्यानंतरचे पूर्ण पाच कॅलेंडर महिने प्रतीक्षेचे असतात. तुमच्या बाबतीत मार्च ते जुलै २०२४, म्हणजे हक्क ऑगस्ट २०२४ पासून. मागील थकबाकी अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांपर्यंतच मिळते, म्हणून या ऑगस्टनंतर अर्ज केलात तर दर महिन्याला एक महिना बुडेल, आणि हमीपत्र न दिल्यास तो बुडालेला महिनासुद्धा कंपनी अंदाजाने कापू शकेल. प्रतीक्षेला अपवाद एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराचा, तोही अलीकडच्या कायद्याने मिळालेला.

उंबरठा · २१ जानेवारी २०२५

थोडे अवांतर विचारतो. मी एच-१बीवर आहे, वय ३४. पुण्यात सहा वर्षे पीएफ कापला गेला आहे. ती वर्षे इथे धरली जातात का?

जुना_वाडा · २१ जानेवारी २०२५

नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नाही, त्यामुळे तिकडची सेवा इथल्या क्रेडिटमध्ये, म्हणजे हक्कासाठी कमाईवर मिळणाऱ्या गुणांमध्ये, मिळवता येत नाही. तुमच्या वयाला साधारणपणे गेल्या १० वर्षांत २० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात आणि २०२५ मध्ये एका क्रेडिटसाठी १,८१० डॉलरची कमाई पुरते. एच-१बीवरच्या नोकरीचे क्रेडिट मिळते. विद्यार्थी व्हिसावरच्या ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाशी जोडलेल्या तात्पुरत्या नोकरीच्या, काळात सोशल सिक्युरिटी कापली गेली नसेल तर तो काळ मोजला जात नाही. क्रेडिट असूनही एच-१बीवाल्याची खरी अडचण निराळी असते: नोकरी संपल्यावर इथे कायदेशीर राहण्याची मुदत साधारण ६० दिवसांची असते, आणि देशात राहून पैसे घेण्यासाठी कायदेशीर वास्तव्य लागते. आजार बळावण्याच्या आत इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

पर्णकुटी · २३ जानेवारी २०२५

मी काही वर्षे डिसॅबिलिटीच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम केले आहे, म्हणून अर्ज भरण्याबद्दल लिहिते.

‘डिसॅबिलिटी’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी असला तरी व्याख्या दोन आहेत. बहुतेक ग्रुप पॉलिसींत पहिले २४ महिने ‘स्वतःचा व्यवसाय’ ही कसोटी असते, म्हणजे सॉफ्टवेअरचे काम करता येत नाही एवढे पुरेसे असते. त्यानंतर कसोटी ‘कोणताही व्यवसाय’ अशी होते, तीही शिक्षण, अनुभव आणि ठरावीक कमाई यांच्याशी बांधलेली. सोशल सिक्युरिटी पहिल्या दिवसापासूनच विचारते की देशात पुरेशा संख्येने असलेले कोणतेही काम, बसून करण्याचे साधे कामसुद्धा, तुम्ही सातत्याने करू शकता का. २०२५ मध्ये महिना १,६२० डॉलरच्या वर कमाई होत असेल तर तिथेच अर्ज थांबतो. म्हणून विमा कंपनीने मान्य केले, आता सरकार करणारच, असे समजू नये. २७ मार्च २०१७ पासूनच्या अर्जांत तर दुसऱ्या संस्थेच्या निर्णयाचे विश्लेषण करण्याचे बंधनही सोशल सिक्युरिटीवर राहिलेले नाही. त्या निर्णयामागचे वैद्यकीय कागद मात्र ते पाहतात, त्यामुळे कंपनीकडे असलेले सगळे अहवाल तुम्ही स्वतः जोडा.

दैनंदिन क्षमतेचा जो फॉर्म येतो त्यात मराठी माणूस हमखास चुकतो. ‘स्वयंपाक करता का?’ या प्रश्नावर ‘हो’ लिहून मोकळा होतो, कारण लाचारी कागदावर मांडणे त्याला नको वाटते. प्रत्यक्षात कुकर लावल्यावर अर्धा तास आडवे पडावे लागते, आठवड्यात तीन दिवस चहाही दुसऱ्याने करावा लागतो, ही माहिती त्या ‘हो’मध्ये नाहीशी होते. काय करता येते, किती वेळ, त्यानंतर काय होते आणि महिन्यातले किती दिवस ते मुळीच होत नाही, असे चारही भाग लिहा. अतिशयोक्ती नको आणि सोसण्याचे कौतुकही नको. एमएससाठी सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत ११.०९ ही स्वतंत्र नोंद आहे. न्यूरॉलॉजिस्टला ती दाखवून तिच्या निकषांनुसार पत्र मागा. एमएसमध्ये थकवा हे मोठे लक्षण असते आणि ते एमआरआयमध्ये दिसत नाही, म्हणून डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीच्या नोंदीत ते यायला हवे.

एका जागी सांगितलेले दुसऱ्या जागी वाचले जाते, हेही लक्षात असू द्या. कंपनीच्या फॉर्मवर काम थांबल्याची एक तारीख आणि इथे दुसरी, असे झाले की दोन्हीकडे शंका निघते.

अबोली_न्यूजर्सी · ४ फेब्रुवारी २०२५

सगळ्यांचे आभार. पॉलिसी आली. वजावटीत ‘अवलंबितांना मिळणारा लाभ’ स्पष्ट लिहिलेला आहे. महागाईमुळे सोशल सिक्युरिटीत पुढे होणारी वार्षिक वाढ मात्र कापायची नाही, असेही लिहिले आहे. हमीपत्रावर सही केली आणि काल अर्ज दाखल झाला. कंपनीने स्वतःच्या खर्चाने एक प्रतिनिधी संस्था देऊ केली होती. ते घ्यावे का?

जुना_वाडा · ४ फेब्रुवारी २०२५

घेतले तरी बिघडत नाही, पण त्या संस्थेला काम कंपनी देते आणि तुमच्या फाइलमधले कंपनीपर्यंत काय पोहोचते हे तुम्हाला कळत नाही. मी स्वतंत्र वकील केला. त्याला आगाऊ काही द्यावे लागत नाही. जिंकल्यास थकबाकीच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यांपैकी जे कमी ते सोशल सिक्युरिटीच परस्पर कापून देते. बऱ्याच पॉलिसींत ही फी परतफेडीतून वगळतात, म्हणजे तिचा भार एका अर्थी कंपनीवरच पडतो. तुमच्या प्रतीत ते कलम शोधा.

अबोली_न्यूजर्सी · २२ ऑगस्ट २०२५

अर्ज नाकारला. पत्रात म्हटले आहे की पूर्वीचे काम जमणार नाही, परंतु इतर कामे करता येतील. यजमान म्हणाले, सोडून दे, एलटीडी आहे ना.

पर्णकुटी · २२ ऑगस्ट २०२५

सोडू नका. पहिल्या फेरीत बहुसंख्य अर्ज नाकारलेच जातात. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत पुनर्विचाराची मागणी करायची असते, आणि पत्र त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी मिळाले असे धरतात. नवीन अर्ज करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण त्याने जुनी तारीख आणि तिच्यासोबतची थकबाकी हातची जाते. पुनर्विचारानंतर न्यायाधीशापुढे सुनावणी, मग अपील्स कौन्सिल, मग संघीय न्यायालय अशी पायरी आहे. शिवाय पॉलिसीत शक्य ती सर्व अपिले करण्याची अट असते. तुम्ही थांबलात तर कंपनी अंदाजे वजावट सुरू करू शकते.

यजमानांना २००८ सालचा मेटलाइफ विरुद्ध ग्लेन हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. त्यातल्या बाईंना विमा कंपनीने सोशल सिक्युरिटीपुढे कोणतेही काम करता येत नाही असे मांडण्यास प्रोत्साहन दिले, त्यातून आलेल्या पैशांचा मोठा हिस्सा घेतला आणि नंतर स्वतःच ठरवले की त्या बसून करण्याचे काम करू शकतात. न्यायालयाने ही विसंगती कंपनीच्या विरुद्ध धरली. दावा ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असतो तेव्हा तो हितसंबंधांचा संघर्ष आहे आणि तो तोलात धरला पाहिजे, असेही म्हटले. तुमचे २४ महिने ऑगस्ट २०२६ मध्ये संपतात. त्या वेळी कंपनीने ‘कोणताही व्यवसाय’ या कसोटीवर पैसे थांबवले, तर सोशल सिक्युरिटीचा मंजुरीनिर्णय हातात असणे आणि नसणे यांत फार फरक आहे. कंपनीविरुद्धच्या अपिलाला सहसा १८० दिवस असतात. त्या अपिलात जे कागद जोडाल तेवढ्यावरच बहुधा न्यायालय पुढे निकाल देते.

अबोली_न्यूजर्सी · १३ जानेवारी २०२६

पुनर्विचारात मंजुरी मिळाली. ९ जानेवारीचे पत्र आहे आणि हक्क ऑगस्ट २०२४ पासून मान्य झाला आहे. न्यूरॉलॉजिस्टने ११.०९च्या निकषांनुसार नव्याने लिहिलेले पत्र आणि कामाच्या क्षमतेची चाचणी यांचा उपयोग झाला, असे वकील म्हणाले.

आता खरी परीक्षा. हिशेबनीसांच्या गोल आकड्यांतच सांगते. डिसेंबर २०२५ पर्यंतच्या १७ महिन्यांचे यजमानांचे ५१,००० आणि मुलीचे २५,५००, मिळून ७६,५००. वकिलांचे ९,२०० दोन्ही रकमांतून कापले गेले. उरलेल्या ६७,३०० डॉलरची मागणी कंपनीने केली आहे आणि ३० दिवस दिले आहेत. मुलीचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात आले असून मी त्यांची प्रतिनिधी आहे. ते पैसे तिच्यावरच खर्च करायचे असे सोशल सिक्युरिटीने बजावले आहे. मग ते कंपनीला कसे देऊ?

हिशेबनीस · १४ जानेवारी २०२६

अभिनंदन. या ठिकाणी अनेकांचा गोंधळ होतो. कंपनी तांत्रिकदृष्ट्या मुलीचे पैसे मागत नाही. यजमानांना १७ महिने जास्त दिली गेलेली एलटीडी परत मागते आहे आणि ती किती जास्त गेली हे मोजण्यासाठी मुलीचा लाभ धरते. सोशल सिक्युरिटीचा लाभ धनकोंपासून कायद्याने सुरक्षित आहे, परंतु करार यजमानांचा आहे. मुलीच्या खात्यातून कंपनीच्या नावाने चेक मात्र काढू नका. यजमानांच्या वाट्याचे सुमारे ४४,८६७ आता द्या आणि उरलेले २२,४३३ पुढच्या एलटीडीतून वळते करून घ्या, असे लेखी कळवा. महिना १,५०० याप्रमाणे १५ महिने लागतील. तोपर्यंत मुलीचा मासिक लाभ तिच्या जेवणाखाण्याला, घरभाड्यातल्या तिच्या हिश्शाला आणि शाळेला वापरता येतो. हे वकिलांना दाखवून मगच पाठवा.

उंबरठा · १४ जानेवारी २०२६

पैसे खर्च झाल्यावर कंपनी काही करू शकत नाही, असे कुठेतरी वाचले होते.

जुना_वाडा · १४ जानेवारी २०२६

ते अर्धे वाचले आहे. २०१६ च्या माँटानाइल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पैसे शोध लागणार नाही अशा गोष्टींवर खर्च झाले असतील, तर एरिसाच्या संबंधित कलमाखाली इतर मालमत्तेवर हात टाकता येत नाही. ते प्रकरण आरोग्य योजनेचे होते. तुमची एलटीडी चालू असताना कंपनीला न्यायालयात जाण्याची गरजच नसते, ती पुढचे हप्ते शून्यावर आणून वसूल करते. माझ्या ओळखीच्या एकाने थकबाकीतून गावच्या घराचे छप्पर बदलले आणि पुढे दोन वर्षे एलटीडीचा एक डॉलर पाहिला नाही.

अबोलीताई, दुसरे एक तातडीचे विचारतो. आरोग्यविम्यासाठी तुम्ही कोब्रा, म्हणजे कंपनीचाच विमा स्वखर्चाने पुढे चालू ठेवण्याची सोय, घेतले आहे का?

अबोली_न्यूजर्सी · १५ जानेवारी २०२६

हो. कंपनीचा विमा ३१ ऑगस्ट २०२४ ला संपला, तेव्हापासून. फेब्रुवारीअखेर १८ महिने पुरे होतात. पुढे बाजारातून घ्यावा लागेल, असे वाटत होते.

जुना_वाडा · १५ जानेवारी २०२६

मग आज-उद्याच पत्र पाठवा. कोब्राच्या पहिल्या ६० दिवसांत डिसॅबिलिटी होती असे सोशल सिक्युरिटीने ठरवले असेल, तर १८ महिन्यांचे २९ होतात. मात्र निर्णयाची प्रत, ती हाती आल्यापासून नव्हे तर निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत आणि मूळ १८ महिने संपण्याच्या आत योजनेच्या प्रशासकाला द्यावी लागते. तुमच्या बाबतीत शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. वाढीव महिन्यांचा हप्ता विम्याच्या पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांऐवजी १५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, ते डोळ्यांत पाणी आणणारे आहे, पण मेडिकेअर ऑगस्ट २०२६ पासून म्हणजे मधले पाच महिनेच भरावा लागेल. २९ हा आकडा आला कुठून, तर पाच महिने प्रतीक्षा आणि २४ महिने मेडिकेअरची वाट, यांच्या बेरजेतून. एमएसची औषधे काय भावाने मिळतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

हिशेबनीस · १६ जानेवारी २०२६

कराचे दोन मुद्दे राहिले. थकबाकी यंदा हाती आली तरी ती २०२४ आणि २०२५ ची आहे. त्या त्या वर्षाच्या उत्पन्नावर हिशेब करण्याचा पर्याय विवरणपत्रात असतो, त्यामुळे सगळी रक्कम एकाच वर्षात येऊन कर फुगत नाही. दुसरे, तुम्ही परत करत असलेल्या एलटीडीवर मागील वर्षांत कर भरला गेला आहे. परतफेड ३,००० डॉलरपेक्षा जास्त असल्याने करकायद्याच्या कलम १३४१ खाली तो यंदाच्या करातून वळता करून घेता येतो. साधे सॉफ्टवेअर हे नीट विचारत नाही, या वर्षी करतज्ज्ञाकडे जा. कंपनीकडून परतफेडीची वर्षवार विभागणी लेखी घ्या.

अबोली_न्यूजर्सी · १२ फेब्रुवारी २०२६

कोब्राचे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले होते. जुलैपर्यंत विमा चालू राहील, असे उत्तर काल आले. ४४,८६७ चा चेक गेला आणि उरलेले एलटीडीतून वळते करण्यास कंपनीने संमती दिली. वकिलांनी मे महिन्यात पुन्हा बोलावले आहे. ऑगस्टमधल्या ‘कोणताही व्यवसाय’ या तपासणीसाठी न्यूरॉलॉजिस्टचे नवे पत्र तेव्हा तयार ठेवायचे आहे. सासूबाईंना सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले की इतक्या वर्षांचे हप्ते त्याचेच होते, तर एवढे कागद का लागले.

पर्णकुटी · १२ फेब्रुवारी २०२६

मेच्या भेटीला जाताना सोशल सिक्युरिटीच्या मंजुरीपत्रासोबत त्यामागचे विश्लेषणाचे पानही मागवून न्या. पत्रात निर्णय असतो, कारणे त्या पानात असतात, आणि कंपनीपुढे ठेवायची असतात ती कारणे.